सीक्यू द्यायचा, पण कुठे? मोर्ससाठी फ्रिक्वेन्सी निवडताना

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, परवाना आला, व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं नाव, मिळालं, गच्चीवर तार ताणून झाली. या तारेमुळे कुणाचा टीव्ही बिघडत नाही हे सोसायटीच्या चेअरमनना पटवूनही झालं, आणि पुण्यात ही पायरी परीक्षेपेक्षा अवघड असते. मोर्सची की, म्हणजे टिंबं-रेघा पाठवायचा खटका, टेबलावर आली. आता पहिला प्रश्न: सीक्यू, म्हणजे "कुणी आहे का?" अशी सगळ्यांना हाक, द्यायला डायल नेमका कुठे ठेवायचा? नियमांत ४० मीटर बँडसाठी ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढंच दिलेलं असतं. या २०० किलोहर्ट्झमध्ये आपण कुठे बसायचं, हे कुणी सांगत नाही.

नवखा माणूस विचारतो, "चांगली फ्रिक्वेन्सी कोणती?" जुना हॅम उलट विचारतो, "किती वाजलेत, आणि बोलायचंय कुणाशी?" त्याला टाळाटाळ करायची नसते. या दोन गोष्टी कळल्याशिवाय आकडा सांगताच येत नाही. आधी बँड ठरतो, मग त्या बँडचा कोपरा, आणि नेमका आकडा सगळ्यात शेवटी, तोही कानाने.

थोडी पायाभरणी करू. आकाशवाणी पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं, विविध भारती एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे पहिलीची लहर साधारण ३७९ मीटर आणि दुसरीची जेमतेम ३ मीटर. या दोन टोकांच्या मधे, ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, लघुलहरी येतात आणि हॅमची बरीचशी मोर्स तिथेच चालते. ७ मेगाहर्ट्झला ४० मीटर, १४ला २० मीटर, २१ला १५ मीटर आणि २८ला १० मीटर बँड म्हणतात. आकाशवाणीला तिचा आकडा नेमून दिलेला असतो. हॅमला फक्त बँड मिळतो. त्यातली कुठलीही एक फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते. या लेखातल्या बहुतेक गोष्टी या एका नियमातून निघतात.

मोर्सला, म्हणजे आमच्या भाषेत सीडब्ल्यूला, जागा फार थोडी लागते. बोलण्याच्या एका एसएसबी सिग्नलला अडीच-तीन किलोहर्ट्झ लागतात, तर मध्यम वेगाच्या मोर्सला शंभर-दीडशे हर्ट्झ पुरतात. दोघांमध्ये मोकळं अंतर म्हणून प्रत्येकी ५०० हर्ट्झ धरले, तरी २५ किलोहर्ट्झच्या तुकड्यात पन्नास गप्पा शेजारी शेजारी चालू शकतात. तेवढ्याच जागेत बोलणारे आठ-दहा मावतील. मात्र मोर्सचा सिग्नल अरुंद राहतो तो की दाबताना आणि सोडताना लहर हळुवार चढली-उतरली तरच. हा चढ-उतार चांगल्या रिगमध्ये, म्हणजे रेडिओसंचात, पाच मिलिसेकंदांच्या आसपास असतो. घरी बनवलेल्या ट्रान्समीटरमध्ये तो फार तीव्र झाला, तर दोन्ही बाजूंना दूरवर टिक-टिक ऐकू जाते आणि शेजारी वैतागतात.

आता बँड. तो ठरवतो सूर्य. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर आयनमंडलाचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, डी थर असतो. दिवसा ऊन असेपर्यंत तो तयार राहतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो. हे गिळणं साधारणपणे फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून ७ मेगाहर्ट्झवर जेवढं नुकसान होतं त्याच्या पाव भाग १४वर होतं. सूर्य मावळला की डी थर काही वेळातच विरून जातो. त्याच्या बराच वर, अडीचशे-चारशे किलोमीटरवर, एफ थर असतो. तो लघुलहरींना वाकवून परत जमिनीकडे पाठवतो, आणि दिवस मावळला तरी रात्रभर थोडाफार टिकतो.

त्यामुळे पुण्यातल्या माणसाचं साधारण वेळापत्रक असं बसतं: सकाळी आणि दिवसा ४० मीटरवर हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबाद, असे काहीशे किलोमीटरवरचे लोक. अंधार पडला की त्याच ४० मीटरवर लांबचे देश. दुपारपासून रात्रीच्या सुरुवातीपर्यंत २० मीटरवर युरोप. दिवसा १५ मीटरवर जपान आणि पूर्वेकडचे. अमेरिका सगळ्यात हट्टी, कारण पुण्याहून तिकडची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते. सूर्यावर वादळ उठलं की पहिली तीच बंद पडते.

एका गोष्टीने नवखे फार गोंधळतात. पुणे-मुंबई सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. जमिनीलगतची लहर सह्याद्री ओलांडून तिकडे पोचत नाही. दुपारी ४० मीटरवर मुंबईचा माणूस खणखणीत ऐकू येतो, कारण लहर जवळजवळ सरळ वर जाऊन तशीच खाली येते. मध्यरात्र उलटली की एफ थर पातळ होत जातो. सरळ वर गेलेली लहर परत फिरण्याची एक कमाल फ्रिक्वेन्सी असते, तिला क्रांतिक फ्रिक्वेन्सी म्हणतात. पहाटे ती ७ मेगाहर्ट्झच्या खाली घसरली, की मुंबई गायब होते. त्याच वेळी त्याच डायलवर इटली किंवा युक्रेन ऐकू येत असतं. अँटेना तुटली म्हणून गच्चीवर धावायची गरज नाही. तिरकी गेलेली लहर अजूनही वाकते आहे, सरळ वर गेलेली तेवढी निसटते आहे. अशा वेळी मुंबईच गाठायची असेल, तर ८० मीटरवर उतरायचं.

याच हिशोबातून लांबचा बँडही काढता येतो. क्रांतिक फ्रिक्वेन्सी ७ मेगाहर्ट्झ आहे असं धरू. तीन हजार किलोमीटरच्या एका उडीसाठी कमाल फ्रिक्वेन्सी तिच्या तिपटीच्या आसपास, म्हणजे २१च्या जवळ येते. अगदी काठावर राहिलं तर सिग्नल कधी येतो, कधी जातो, म्हणून त्याच्या ८५ टक्के धरायची जुनी पद्धत आहे. उत्तर येतं १८च्या आसपास. म्हणून १८.०६८ ते १८.१६८ मेगाहर्ट्झचा १७ मीटर बँड बघायचा, नाहीतर एक पायरी खाली १४वर. एकूण सूत्र असं की चालेल तेवढं वर राहा, कारण वर गिळणं कमी आणि गोंगाटही कमी. पण काठाच्या वर गेलात तर लहर अवकाशात जाते आणि परत येत नाही.

सूर्याचं अकरा वर्षांचं चक्रही यात धरावं लागतं. सूर्यावरच्या डागांचं सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ला सुरू झालं, आणि ते कमाल टप्प्यावर पोचल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. अशा काळात १० मीटरवर पाच वॅटमध्ये खंड ओलांडले जातात. चक्राच्या तळाला त्याच बँडवर दिवसचे दिवस शुकशुकाट असतो. त्यामुळे कुणी पाच वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून "दहा मीटर बेकार आहे" म्हणाला, तर ऐकून घ्या आणि स्वतः डायल फिरवून बघा.

आकडेमोड नको असेल, तर बीकन ऐका. जगभर अठरा बीकन केंद्रांची एक साखळी आहे. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर ती आळीपाळीने, प्रत्येकी दहा सेकंद, मोर्समध्ये आपलं कॉलसाइन आणि मागोमाग चार लांब डॅश पाठवतात. पहिला डॅश १०० वॅटचा, दुसरा १०चा, तिसरा १चा आणि चौथा ०.१ वॅटचा. तीन मिनिटांत पूर्ण फेरी होते. सगळी केंद्रं कायम चालू असतातच असं नाही, पण श्रीलंकेचं ४एस७बी, जपानचं जेए२आयजीवाय, फिनलंडचं ओएच२बी यांच्यापैकी कोण येतंय यावरून बँड कुठल्या दिशेला उघडा आहे ते कळतं. फिनलंडचा तिसरा डॅश, म्हणजे एका वॅटचा, तुमच्या खोलीत ऐकू आला, तर युरोपसाठी तुमची छोटी रिगही पुरेल. आणि अर्थातच या पाच आकड्यांवर स्वतः कधी की दाबायची नाही.

बँड ठरला. आता त्याचा कोपरा. इथे कायद्यापेक्षा रिवाज मोठा. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा बँडच्या हद्दी ठरवून देते. आतली वाटणी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या बँड प्लॅनप्रमाणे चालते. भारत त्यांच्या तिसऱ्या विभागात येतो. मोर्सवाले नेहमी बँडच्या तळाशी असतात: ७.००० ते ७.०२५, १४.००० ते १४.०७०, २१.००० ते २१.०७०. मोर्स इतरत्र चालतच नाही असं नाही, पण ऐकणारे तिथे असतात.

तळातही थर आहेत. अगदी खालच्या दहा-पंधरा किलोहर्ट्झमध्ये वेगवान हात आणि दुर्मिळ देशांच्या मागे लागलेले शिकारी. वर जाऊ तसा वेग उतरतो. मिनिटाला दहा-बारा शब्द हा तुमचा वेग असेल, तर ७.००५वर सीक्यू देऊन उगाच दमू नका. कमी शक्तीवाल्यांचा, म्हणजे पाच वॅट आणि त्याखालच्यांचा, अड्डा ७.०३० आणि १४.०६०च्या आसपास असतो. तिथे लोक हळू पाठवतात आणि धीराने ऐकतात. मात्र अड्ड्यावर भेट झाली की लांबलचक गप्पांसाठी दोन-तीन किलोहर्ट्झ बाजूला सरकायचं, म्हणजे पुढच्याला जागा मिळते.

अमेरिका हवी असेल, तर आणखी एक बारकावा. तिकडच्या परवान्यांच्या पायऱ्यांमुळे ४०, २० आणि १५ मीटरच्या तळाचे पहिले २५ किलोहर्ट्झ फक्त सर्वोच्च श्रेणीच्या हॅमना खुले आहेत. तुम्ही १४.०१०वर सीक्यू दिलात, तर तिथले बरेच लोक ऐकू शकतात पण उत्तर देऊ शकत नाहीत. १४.०३० किंवा १४.०३५वर तेच गिऱ्हाईक कितीतरी वाढतं. आपल्याकडे अशी अट नाही म्हणून आपल्याला हे सुचत नाही.

काही जागा टाळायच्या. ७.०७४, १४.०७४ आणि २१.०७४पासून वरचे तीन किलोहर्ट्झ एफटी८वाल्यांचे. तिथे संगणक संगणकाशी बोलतो, आणि तुमची मोर्स त्याच्या लेखी निव्वळ कचरा असते. ७.११० हा आपल्या विभागात आपत्कालीन संपर्काचा आकडा आहे. मोर्सवाला सहसा तिथवर जात नाही, पण माहीत असावा. बँडच्या अगदी काठावर, ७.०००च्या डोक्यावर, बसायचं नाही: रिगचा डायल थोडा चुकीचा असला तर तुम्ही हद्दीबाहेर. आणि एखादं दुर्मिळ केंद्र १४.०२३वर सीक्यूनंतर "अप" पाठवत असेल, तर ते एक-दोन किंवा त्याहून जास्त किलोहर्ट्झ वर ऐकत असतं. त्याच्यावर की दाबायची नाही, आणि त्याच्या वरच्या चार-पाच किलोहर्ट्झमध्ये आपला संसारही मांडायचा नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगातली सगळ्यात मोठी मोर्स स्पर्धा असते. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४०, २०, १५ मीटर शेवटच्या हर्ट्झपर्यंत भरतात. निवांत गप्पा हव्या असतील, तर १७ किंवा १२ मीटरवर जावं. तिथे स्पर्धा घ्यायची नाही असा पायंडा आहे आणि तो पाळला जातो.

ज्याच्याकडे एकाच क्रिस्टलचा छोटा किट आहे, त्याला यातलं काहीच लागू नाही. स्वस्त पिक्सी किटमध्ये बहुधा ७.०२३चा क्रिस्टल येतो. त्याने वेळ निवडावी. फ्रिक्वेन्सी क्रिस्टलने निवडलेली आहे.

आता पुणेकरांचं खास दुखणं: गोंगाट. एलईडी दिवे, लॅपटॉपचे चार्जर, गच्चीवरच्या सोलरचे इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर. स्विचिंग पद्धतीचा प्रत्येक स्वस्त पुरवठा लघुलहरींवर ठरावीक अंतराने घरघरीचे उंचवटे उठवतो. रिगवर स्पेक्ट्रमचा पडदा असेल तर ते डोळ्यांनी दिसतात: समजा ७.००८ला एक रुंद, धूसर पट्टा, मग सत्तर-ऐंशी किलोहर्ट्झ पुढे दुसरा. चार्जर तापला की पट्टा हळूहळू सरकतो, आणि तुम्ही मोकळी म्हणून धरलेली जागा अर्ध्या तासाने त्याच्याखाली जाते. म्हणून दोन उंचवट्यांच्या मधली जागा घ्यायची, तीही पट्टा ज्या दिशेने सरकतोय त्याच्या उलट बाजूला. गणपतीच्या दहा दिवसांत रोषणाईच्या माळा लागल्या की पेठांमध्ये ४० मीटर संध्याकाळी जवळजवळ सोडूनच द्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की विजेचा कडकडाट खालच्या बँडवर शेकडो किलोमीटरवरून येतो.

शहरी गोंगाट फ्रिक्वेन्सी वाढेल तसा कमी होतो. म्हणून कोथरूड किंवा हडपसरच्या फ्लॅटमधून ४० मीटरपेक्षा २० किंवा १७ मीटर बहुधा शहाणपणाचा. पाठवणं दोन्हीकडे जमतं, अडतं ते ऐकताना. तुमचा सिग्नल कोलकात्यात छान पोचलेला असतो, त्यांचं उत्तर तुमच्या शेजाऱ्याच्या चार्जरखाली दबून जातं, आणि तिकडच्याला वाटतं हा माणूस बहिरा आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा रिग बॅटरीवर लावून बघा. आपल्या भागात बँडवर खरं किती काय चालू असतं ते तेव्हा कळतं. नाहीतर सरळ पानशेतच्या बाजूला जावं. ७.०३०साठी अर्ध्या लहरीची तार फक्त वीस मीटरची होते, दोन झाडं पुरतात.

शेवटी नेमका आकडा. आधी रिगचा फिल्टर, म्हणजे ऐकू येणारा पट्टा, रुंद करा. २५० किंवा ५०० हर्ट्झच्या फिल्टरमधून सगळीच जागा मोकळी भासते, शेजारी तीनशे हर्ट्झवर कुणी बसलेला असला तरी कळत नाही. रिग सीडब्ल्यूवरच ठेवा. एसएसबीच्या वरच्या बाजूवर डायल ७.०२९३ दाखवत असताना ७०० हर्ट्झचा सूर ऐकू आला, तर तो सिग्नल खरं तर ७.०३०वर असतो. इंटरनेटवरच्या रिसीव्हरवर ऐकून आकडा टिपणाऱ्यांची फसगत इथेच होते.

जागा शांत वाटली तरी थांबा. आयनमंडलामुळे एक पेच होतो: दोघे बोलत असतात, त्यातला एकच तुम्हाला ऐकू येतो. तो ऐकण्याच्या पाळीवर असेल, तर तुम्हाला तिथे पूर्ण शांतता. म्हणून मिनिटभर कान द्यायचा, मग "क्यूआरएल?" पाठवायचं, म्हणजे जागा वापरात आहे का, आणि पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा एकदा. उत्तरात "आर", "सी", "वाय" किंवा काहीही आलं, तर मुकाट्याने पुढे सरकायचं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं इथे चालत नाही. काल रात्री तुम्ही ७.०२८वर होतात म्हणून आज ती तुमची ठरत नाही. आणि दुसऱ्याने न विचारता येऊन तुमच्यावर सीक्यू सुरू केला, तर त्याला तुम्ही ऐकूच येत नसाल हे गृहीत धरा. दोनशे-तीनशे हर्ट्झ सरकलात तर बहुतेक वेळा काम भागतं. भांडून कुणाचाच संपर्क होत नाही.

दुसऱ्याच्या सीक्यूला उत्तर द्यायचं असेल, तर त्याच्या नेमक्या फ्रिक्वेन्सीवर यावं लागतं. रिगचा स्वतःचा सूर, समजा ६०० हर्ट्झ, एका कानात ठेवायचा आणि समोरच्याचा सूर आपल्या सुराशी जुळेपर्यंत डायल फिरवायचा. तंबोरा लावताना जे कान करतात तेच. सूर जुळला की तुम्ही त्याच्या अरुंद फिल्टरमध्ये आहात. फक्त एका केंद्रावर वीस जण तुटून पडलेले असतील, तर मुद्दाम शंभर-दीडशे हर्ट्झ बाजूला जावं. सगळे एकाच सुरात असताना वेगळा सूर आधी उचलला जातो.

सीक्यू देऊन झाल्यावर आपण कुठवर पोचलो हे आता लगेच बघता येतं. रिव्हर्स बीकन नेटवर्क नावाची स्वयंसेवकांची जाळी आहे. त्यांचे रिसीव्हर आपोआप मोर्स वाचतात आणि तुमचं कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी, सिग्नलची ताकद सेकंदांत इंटरनेटवर टाकतात. कॉलसाइन नीट, सुटं सुटं, दोन-तीनदा पाठवलं तरच ते पकडतात. २० मीटरवर चार-पाच सीक्यू देऊनही तिथे काहीच उमटलं नाही, तर फ्रिक्वेन्सी पाच किलोहर्ट्झने इकडे-तिकडे करून उपयोग नाही, बँडच बदला. युरोपातल्या सात-आठ रिसीव्हरनी उचललं आणि तरीही माणूस उत्तर देत नसेल, तर बँड ठीक आहे, कोपरा चुकलाय: वेग दोन शब्द कमी करा आणि थोडे वर, १४.०५०च्या पुढे सरका.